लाल पेन्सिलीची खूण

नेरूळचं घर रिकामं करायला मी एक दिवस ठेवला होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पाचला सोसायटीच्या ऑफिसात चावी द्यायची, सही करायची, आणि मग इमारत पाडणाऱ्यांनी त्यांचं काम करायचं. मी यादी केली होती. मी सगळ्याचीच करते. भांडी भंगारात, गाद्या वॉचमनला, मम्मीच्या साड्या चर्चच्या महिला मंडळाला, फोटो माझ्याबरोबर, बाकी काही नाही. दुपारी एक वाजता मी वेळेच्या पुढे होते. मग स्वयंपाकघराच्या माळ्यावरून तो पत्र्याचा डबा निघाला.

झाकण उघडायच्या आधीच वास आला. जुनं वनस्पती तूप, वेलची आणि गंज. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पप्पांच्या अक्षरात ऐरोलीचा पत्ता. शाई तपकिरी झालेली, पण वाचता येत होता. आत करंज्या नव्हत्या. आत बाईंची वही होती.

जुन्या वस्तू सापडल्या की माणसं जमिनीवर बसतात, डोळे पुसतात, असं मी ऐकून आहे. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला राग आला. मम्मीने ही वही इथे ठेवली होती हे मला माहीत असतं, तर मी ती कधीच जाळली असती.

आम्ही नगरचे. नव्वदच्या सुमाराला पप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, यांनी एकाच टेबलावर बसून नव्या शहरातल्या घरांचे फॉर्म भरले. पप्पांना नेरूळ लागलं, अण्णांना ऐरोली. "एकाच खाडीचं पाणी पिऊ," असं अण्णा म्हणाले होते म्हणे, आणि पप्पा म्हणाले होते, "खाडीचं कोण पितं, अण्णा?" पुढे काही वर्षांत दोघांचं बोलणं बंद झालं. कशावरून ते मी लिहिणार नाही. कारणं सगळ्यांकडे असतात आणि सगळ्यांची चांगलीच असतात.

तेव्हाचं नेरूळ आठवलं की मला पहिल्यांदा गंज आठवतो. खाडीवरून येणारा वारा खारट होता. खिडक्यांच्या जाळ्या, सायकलींच्या साखळ्या, दाराच्या कड्या, सगळ्याला तो धरायचा. दर उन्हाळ्यात पप्पा अर्ध्या चड्डीत बाल्कनीत बसून जाळी घासायचे आणि तिला लाल प्राइमर लावायचे. घासकागदाचा आवाज चार घरांपलीकडे जायचा. ओहोटी लागली की खाडीकाठच्या करावे गावाच्या बाजूने चिखलाचा वास यायचा, कुजकट आणि जिवंत. इमारती सगळ्या एकसारख्या. नवे पाहुणे भलत्याच दारावर बेल वाजवायचे. रस्ते रुंद होते, पण त्यांवर माणसं नव्हती. मोकळ्या प्लॉटांवर टाकळा उगवायचा आणि संध्याकाळी बेडूक ओरडायचे.

त्या मोकळ्या शहरात दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आमच्या घरी प्रार्थना भरायची. पंधरा-वीस माणसं. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत डासांच्या कॉइलचा धूर, आल्याचा चहा, ग्लुकोज बिस्किटं, आणि एक पेटी, जिचा एक सूर दाबला की दोन वाजायचे. मध्ये खुर्चीवर बाई.

बाई म्हणजे नगरच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. भाच्याकडे राहायला नेरूळला आल्या होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, पाळकसुद्धा. पांढरी साडी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत ही वही. बाईंना गुळमुळीत धर्म चालायचा नाही. कोणी म्हणालं, "बाई, देव दयाळू आहे," की त्या म्हणायच्या, "आहेच. पण माफ करतो म्हणजे तो विसरभोळा नाही." न्यायाच्या दिवसाबद्दल त्या असं बोलायच्या जशी उद्या तपासनीसाची भेट आहे आणि आपल्या वर्गाची तयारी नाही. "तुम्हाला विचारणार नाहीत, किती गाणी म्हटली. किती रविवार भरले, तेही नाही. विचारणार, सांगितलं ते केलं का?"

वहीत तीन रकाने होते. पहिला नाव. दुसरा, काय करायचं आहे. तिसरा, मानलं. "विश्वास ठेवला" असं लिहायला बाईंनी सक्त मनाई केली होती. "विश्वास तर सैतानालाही आहे," त्या म्हणायच्या. "त्याच्यापेक्षा आपला रकाना वेगळा पाहिजे." त्यांचं म्हणणं असं की शुभवर्तमान सगळ्यांना एकच, पण प्रत्येकाचा अडलेला पाय वेगळा. म्हणून दुसऱ्या रकान्यात कुणापुढे "दारू सोडणे" होतं, कुणापुढे "सासूची माफी मागणे", कुणापुढे "बाप्तिस्मा घेणे". पप्पांच्या नावापुढे होतं: "भावाकडे जाणे."

पप्पांना ते स्वतःच माहीत होतं. प्रभुभोजनाच्या रविवारी ते बाकावरून उठायचेच नाहीत. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याशी बिनसलं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, ही आज्ञा त्यांनी नगरच्या चर्चमध्ये लहानपणी पाठ केली होती. ते ताटापर्यंत गेले नाहीत. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. पण ऐरोलीलाही गेले नाहीत.

शुक्रवारची पद्धत अशी होती: ज्यांच्या नावापुढे तिसरा रकाना रिकामा, तीच नावं मोठ्याने वाचायची. एक नाव वाचलं की सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, उठव त्याला." एखाद्याने मानलं की बाई त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करायच्या, सगळे उभे राहून गाणं म्हणायचे, आणि त्या नावाचं वाचन कायमचं बंद. वही सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी अकरावीत होते, अक्षर चांगलं होतं, आणि समासाची रेघ पट्टीशिवाय सरळ मारायचे. बाई म्हणायच्या, "हिच्या हातात दिलं की निर्धास्त." मला हे वाक्य फार आवडायचं. आज ते आठवलं की माझे दात एकमेकांवर घासतात.

प्रार्थना चालू असताना पप्पा जिन्यात बसायचे. घरात नाही, घराबाहेर नाही, मधल्या पायरीवर, वर्तमानपत्र घेऊन. दार उघडंच असायचं. मी वाचायचे, "प्रभाकर," आणि वीस माणसं म्हणायची, "प्रभू, उठव त्याला," आणि जिन्यातून पान उलटल्याचा आवाज यायचा.

कराव्याची अनसूया मासे विकून त्याच वेळी परतायची. आमच्या मजल्यावर टोपली टेकून ती दम खायची. एकदा ती पप्पांना म्हणाली, "सायेब, आतली मानसं कवाची उठवतान तुमाला. तुमी हाय तितंच हाव!"

पप्पा हसले. "उठलो तर जावं लागेल ना, अनसूया."

"मग जावा की. लांब हाय का?"

"लांब नाही. तोच तर त्रास आहे."

मीही त्यांना एकदा विचारलं होतं, आत का बसत नाही म्हणून. ते म्हणाले, "आत बसलो तर मान खाली घालावी लागते. इथे पेपर असतो."

"मग जाऊन या ना अण्णाकाकांकडे."

"जाणार आहे."

"कधी?"

"नाताळात. डबा घेऊन."

डब्याचं सांगायला हवं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मम्मी स्टोव्ह बाल्कनीत काढायची आणि करंज्या तळायची. कागदाचा तारा वर टांगलेला, त्याच्या आत बल्ब, खाली कढई. खोबरं, खसखस, वेलची. माझं काम कातणं फिरवायचं. पहिला घाणा निघाला की पप्पा हा डबा पुढे करायचे. "आधी अण्णाचा." वर्तमानपत्राचा कागद गोल कापून थर लावायचे, स्वतःच्या हाताने, एकही करंजी मोडू न देता. मग झाकण, मग सुतळी, मग दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर. तिथे तो डबा पंचवीस तारखेची वाट बघत बसायचा.

पहिल्या वर्षी तो बसस्टॉपपर्यंत गेला. पप्पा त्याला घेऊन उभे राहिले, दोन बसा सोडल्या, परत आले. दुसऱ्या वर्षी तो वाशीपर्यंत गेला. तिथे ऐरोलीची बस बदलायची होती, ती बदलली नाही. तिसऱ्या वर्षी तो ऐरोलीला पोचला. पप्पा अण्णांच्या इमारतीखाली उभे राहिले, वर त्यांच्या बाल्कनीतला तारा बघितला, आणि परत आले. "तारा मोठा लावलाय त्याने," एवढंच म्हणाले. तिन्ही वर्षी जानेवारीच्या मध्याला मम्मीने सुतळी कापली आणि आम्ही त्या करंज्या खाल्ल्या. खोबरं खवट व्हायला लागलेलं असायचं. घशात एक पातळ चव राहायची. पप्पा आमच्याबरोबर खायचे, शिक्षा असल्यासारखे.

मी यादी करणारी बाई आहे, तरी हा हिशेब मला तेव्हा दिसला नाही. बसस्टॉप, वाशी, ऐरोली, इमारतीचं तळ. पुढच्या वर्षी फक्त जिना उरला होता. दर शुक्रवारी घेतलेलं ते नाव त्या डब्याला ढकलत होतं. पप्पा पेपरआड लपले होते, पण ऐकत होते. बाई खुर्चीवर बसून जे करत होत्या ते क्रूर वाटायचं, आणि तेच लागू पडत होतं. माणूस उठत होता, एका वर्षाला थोडा थोडा.

तिसऱ्या नाताळानंतरच्या पावसाळ्यात एक नवं कुटुंब शुक्रवारी यायला लागलं. त्यांची मुलगी माझ्या कॉलेजात, माझ्याच वर्गात होती. पप्पांचं नाव वाचलं की ती ओठ दाबून माझ्याकडे बघायची. एकदा कॉलेजात नळापाशी तिने चार मैत्रिणींसमोर विचारलं, "काय गं, तुझे पप्पा अजून नाही उठले? अलार्म लावा ना!" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

बाई तेव्हा नगरला गेल्या होत्या, दोन शुक्रवारांसाठी. वही माझ्याकडे होती, पेन्सिलही. दुपारी मी समासाच्या रेघा मारत बसले होते. मम्मी झोपली होती. बाहेर पाणी भरायच्या पंपाचा आवाज येत होता. मी पप्पांच्या नावापुढच्या रिकाम्या चौकोनात लाल खूण केली. व्यवस्थित केली. रेघेला कुठेही न चिकटता.

संध्याकाळी मी आवाज खाली आणून सगळ्यांना सांगितलं, "पप्पा गेले होते अण्णाकाकांकडे. रविवारी. झालं बोलणं. त्यांच्यापाशी विषय काढू नका, त्यांना संकोच वाटतो."

मम्मी चहा गाळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. रविवारी दुपारी पप्पा दोन तास कुठेतरी गेले होते, हे तिला माहीत होतं. कुठे, ते माहीत नव्हतं. तिचा चेहरा एकदम उघडला. तो चेहरा बघून मी थांबायला हवं होतं. वीस माणसं उभी राहिली आणि गायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पेटीचा तो दुहेरी सूर दोनदा लागला. आणि जिन्यात पप्पांनी कठड्यावर बोटांनी ताल धरला. गाणं कुणासाठी चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं.

मग मी नावं वाचली. त्यांचं वाचलं नाही.

सगळे गेल्यावर पप्पा आत आले. पेपराची घडी घालत म्हणाले, "आज माझा नंबर नाही लागला?"

"यादी मोठी झालीय," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. पण लगेच आत गेले नाहीत. पुढे काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मी चहाचे कप गोळा केले.

बाई परत आल्या त्या शुक्रवारी त्यांनी जिन्यातच पप्पांचा हात धरला. मी दारात उभी होते. "प्रभाकर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज, तो चाळीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज, कापला. "झालं ना एकदाचं? अण्णा काय म्हणाले?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, एका क्षणात, खुणेपासून माझ्या लाजेपर्यंत. ते नाही म्हणू शकले असते. एक शब्द होता. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, आणि त्याहून मोठ्याने म्हणत होते, हो म्हणा.

"हो बाई," ते म्हणाले. "झालं."

मला त्या 'हो'बद्दल पप्पांचा राग येतो. आजही येतो. लोक म्हणतात, मेलेल्यांवर काय रागवायचं. का नाही? तो त्यांचा शब्द होता, त्यांच्या तोंडातून निघालेला. पण त्या शब्दाला दार मी उघडून दिलं होतं. थकलेल्या माणसाला मी खुर्ची दिली, आणि तो बसला.

त्या संध्याकाळी ते मला रागावले नाहीत. मी वहीला कव्हर घालत होते, खाकी कागदाचं, कोपरे दुमडून. ते म्हणाले, "तू फार व्यवस्थित आहेस गं." आणि बाल्कनीत निघून गेले.

त्यानंतर शुक्रवारी ते जिन्यात बसले नाहीत. खाडीकडे फिरायला जायचे. अनसूया एकदा पायऱ्यांवर टोपली टेकून म्हणाली, "सायेब दिसत न्हाय ते? उठले का काय?" डिसेंबर आला, तारा टांगला, स्टोव्ह बाल्कनीत आला. पहिला घाणा निघाला तेव्हा मम्मीने स्वतःहून डबा पुढे केला आणि म्हणाली, "आता काय, हक्काने घेऊन जा." पप्पा म्हणाले, "यंदा नको. नंतर बघू." मम्मी हसली, तिला वाटलं, आता घाई कसली. डबा माळ्यावर गेला. मी कातणं फिरवत होते. मी मान वर केली नाही.

फेब्रुवारीत पप्पा गेले. कसे, ते लिहायचं नाही. बुधवारी होते आणि गुरुवारी नव्हते.

कबरस्तानातला उकरलेल्या मातीचा वास ओहोटीच्या वासासारखाच होता. पाळकांची प्रार्थना झाल्यावर बाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला, आणि खाकी कव्हर उघडून मोठ्याने वाचलं: "प्रभाकर. भावाकडे जाणे. मानलं." मग त्या म्हणाल्या, "ज्याने आज्ञा मानली त्याला न्यायाची भीती नाही. आपण रडायचं, पण आशा सोडून रडायचं नाही." मम्मीने मान हलवली. माणसं आमेन म्हणाली.

तेव्हा मागून, फाटकाजवळून, आवाज आला. "मानलं? कधी?"

अण्णाकाका होते. त्यांच्या पायात घरातल्या चपला होत्या, शर्टाचं बटण वर-खाली लागलेलं. "माझ्या दारी कधी आला ह्यो? सांगा की! आमेन कशाला म्हनताय? आला असता तर मला ठाव नसतं व्हय?"

कुणीतरी म्हणालं, "अण्णा, आज नको." कुणीतरी त्यांचा दंड धरला. एक शेजारीण हळू आवाजात म्हणाली, "मेलेल्या भावाशीसुद्धा वैर." मम्मी वळली आणि तिने त्यांच्याकडे असं बघितलं जसं तिने आयुष्यात कुणाकडे बघितलं नव्हतं. अण्णा पुढे आले, खड्ड्यात तीन मुठी माती टाकली, आणि हात न झटकता निघून गेले.

त्या कबरस्तानात खरं बोलणारा एकच माणूस होता आणि त्याला सगळ्यांनी खोटा ठरवलं. मी तिथे होते. बाईंपासून दोन हातांवर. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

नाही उघडलं. बाई काही वर्षांनी नगरला परतल्या आणि वही आठवण म्हणून मम्मीला देऊन गेल्या. पुढे त्या वारल्या, तेव्हाही त्या खुणेवर त्यांचा विश्वास होता. मम्मी मागच्या वर्षी गेली. शेवटच्या दिवसांत म्हणायची, "पप्पा भेटतील मला. त्यांचं सगळं नीट झालं होतं. नाही गं?" मी उशी सरळ करत म्हणायचे, "हो." माझ्या तोंडातही तोच शब्द निघाला. आमच्या घरात तो वारशाने येतो असं दिसतं.

पप्पांचं काय झालं, हे मला माहीत नाही. तो न्याय माझ्याकडे नाही आणि तो मी माझ्या वहीत ओढणार नाही. एकदा ओढला तेवढा पुरे. पण आमच्या चर्चचे आताचे तरुण पाळक माईक हातात घेऊन हसत म्हणतात ना, देव प्रेम आहे, टेन्शन घेऊ नका, तेव्हा मला उठून तो माईक हिसकावून घ्यावासा वाटतो. टेन्शन घ्या. प्रेम आहे म्हणूनच तो विचारणार आहे. ज्याला आपलं काही पडलेलं नसतं, तो विचारत नाही. मला न्यायाची भीती वाटते आणि त्या भीतीची मला लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती, इतकी वर्षं मी तिला उशीखाली नीट घडी घालून ठेवली, याची. पप्पांच्या पायरीवर मीच बसून आहे. माझ्या हातात पेपरऐवजी याद्या आहेत, एवढाच फरक.

पावणेदोन वाजले होते. माझ्या यादीत ऐरोली नव्हतं. मी वही परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, सुतळी शोधली. सुतळी भंगारवाला घेऊन गेला होता. डबा तसाच काखेत मारला आणि खाली जाऊन रिक्षाला हात केला. पत्ता झाकणावर होता.

इमारत तीच होती, पुढच्या पाडापाडीच्या यादीत असावी अशी. तिसरा मजला. जो जिना पप्पांना उरला होता, तो मी चढले. छत्तीस पायऱ्या. मोजायची गरज नव्हती, पण मी मोजल्या. बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, लाकडी दार उघडलं, आणि जाळीच्या दारापलीकडे अण्णाकाका दिसले. पप्पांचंच नाक, पप्पांनी कधी न पाहिलेल्या म्हातारपणात.

"कोन?"

"प्रभाकरची मुलगी."

त्यांनी दार उघडलं नाही. "चुकून आलीस का?"

"नाही." मी सांगायचं ते रिक्षात तीन वाक्यांत बसवलं होतं आणि तसंच सांगितलं. "कबरस्तानात तुम्ही बोललात ते खरं होतं. पप्पा आले नव्हते. वहीतली खूण मी केली होती, मम्मीने नाही, बाईंनी नाही, मी."

"हे सांगाया आलीस?" ते म्हणाले. "हे मला म्हाईत हाय की! माझ्या दारी आला का न्हाई, ते मला तू सांगनार?"

"तुम्हाला नाही. बाकी सगळ्यांना मी सांगितलं नाही, हे सांगायला आले. रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला."

"एवढी वर्षं लागली?"

"हो."

"तुझी आई गेली. ती मास्तरीण गेली. म्या त्यांच्या लेखी खोटाच राहिलो."

"हो."

"लई हुशार हायेस," ते म्हणाले. त्या आवाजात माया नव्हती, आणि मी ती मागायलाही आले नव्हते. त्यांची नजर डब्यावर गेली. "त्यात काय हाय? करंज्या?"

"वही."

"डब्यात वही?" त्यांनी नाकातून आवाज काढला, हसण्याच्या जवळचा. "दाव."

मी जाळीला लावून वही उघडली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि वाचलं. "प्रभाकर. भावाकडे जाने." बोट जाळीच्या आतून त्या लाल खुणेवर थांबलं, तिला न टेकता. मग ते खाली सरकलं, पुढच्या नावांवरून, पानाच्या टोकापर्यंत.

"माझं कुठं हाय?"

मला प्रश्न कळला नाही.

"माझं नाव. वीस मानसं दर शुक्रवारी. त्यानं माझ्याकडं जावं म्हून. आन् म्या त्याच्याकडं जावं म्हून कोन म्हनलं का न्हाई?" त्यांची काठी फरशीवर आपटली. "वाशीची बस ह्या खिडकीखालनं जायाची. दर नाताळात म्या इथं उभा राहून बघायचो, उतरतो का. एकदा खाली दिसला. डबा घेऊन. म्या हाक मारली न्हाई. म्हनलं, वर येऊ दे त्याला. आधी त्यानं यावं."

जिन्यात खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी पानं उलटली, सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या सुरेख अक्षरातली. शेकडो नावं. त्यांचं नव्हतं. ज्याच्याकडे जायचं होतं त्याचं नाव लिहायचं आम्हाला सुचलंच नाही, मलाही नाही आणि बाईंनाही नाही.

"नाही," मी म्हणाले.

"मग लिही."

माझ्या पर्समध्ये पेन असतं. मी वही भिंतीला टेकवून लिहिलं: अण्णा. दुसऱ्या रकान्यापाशी थांबले.

"त्ये मला ठाव हाय काय करायचं," ते म्हणाले. "मोकळंच राहू दे. आन् त्यो तिसरा, त्याला तू हात लावू नको."

"नाही लावणार."

त्यांनी कडीला हात घातला. खाऱ्या हवेने ती धरली होती, वर्षानुवर्षं कुणी घासली नसावी. ती हलेना. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी कडी धरली. मी जाळीतून बोटं घालून मदत करायला गेले.

"थांब," ते म्हणाले. "माझी मला काढू दे."